सतरा मिनिटांची प्रार्थना

घराला वळण कसं लावावं, हे मला विचारा! म्हणजे मार्चच्या पहिल्या सोमवारी विचारलं असतं, तर मी तुम्हांला खुर्ची देऊन, कॉफी पाजून दोन तास सांगितलं असतं. त्या सोमवारी मी एक मोठा पुठ्ठा घेतला, ट्विलाचे रंगीत खडू घेतले आणि आमच्या चौघांच्या आयुष्याचे चौकोन आखले. आखता आखता मला असा काही हुरूप आला म्हणता! देवानं सहा दिवसांत सृष्टी केली, तीसुद्धा आधी अशीच पुठ्ठ्यावर आखून घेतली असणार, याबद्दल माझी खात्रीच पटली.

पहाटे सव्वातीनला सगळ्यांनी मिळून बायबलमधलं वचन वाचायचं. न्याहारीला प्रत्येकानं एका गोष्टीचे आभार मानायचे. दिवसातून एकदा शेजाऱ्याचं एखादं काम करायचं, तेही न सांगता. संध्याकाळी पाचला चौघांनी एका टेबलावर जेवायचं. जेवणाआधीची प्रार्थना उरकायची नाही, मनापासून करायची. जेवणानंतर एक गाणं, चार सुरांत. घरात माणसं चार, सूर चार. धाकटी ट्विला सहा वर्षांची, खर्ज तिच्या वाट्याला आला. त्याला माझा काय इलाज?

डेलमारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुठ्ठा वरपासून खालपर्यंत वाचला.

"सव्वातीन?"

"तू चारला टँकर घेऊन निघतोस ना? मग चौघं एकत्र सापडणार कधी?"

"मी साडेतीनला उठतो, ऑर्फा."

"आता तीनला ऊठ."

"बरं," डेलमार म्हणाला.

डेलमारचं 'बरं' म्हणजे गायीचं रवंथ. त्यात होकार किती, नकार किती आणि गवत किती, हे वीस वर्षांत मला कळलेलं नाही. सबंध वेन काउंटीतल्या, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या, गोठ्यागोठ्यांतून तो दूध गोळा करतो, चीजच्या कारखान्यात रिकामं करतो आणि दुपारी घरी येऊन गोठ्याच्याच वासाचा होऊन खुर्चीत बसतो. लग्नात बिशपांनी 'ही तुला पत्नी म्हणून मान्य आहे का?' असं विचारलं, तेव्हासुद्धा हा 'बरं' म्हणाला होता.

आता एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. थोरल्या लेकीसाठी! रोडासाठी!

आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाही. कळत्या वयात ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणायचं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आमची माणसं नदीत बुडवून मारली गेली ती याच एका 'हो'पायी, की तो दुसऱ्या कुणी आपल्या वतीनं म्हणायचा नाही. रोडा पंधरा वर्षांची झाली. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुलींची नावं बाप्तिस्म्याच्या वर्गाला गेली. मी रोडाला विचारलं, की ती म्हणायची, "बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"बघू म्हणजे बघू, आई."

लेकीच्या तोंडचं 'बघू' हे पायातल्या काट्यासारखं असतं. उभं राहवत नाही, बसवत नाही. मला दिसत होतं, पोरगी चालली. माझ्या डोळ्यांदेखत पायरी पायरीनं लांब चालली. आणि मी म्हटलं, हिला सवयींच्या भिंतींत अशी घट्ट बसवते, की जायला वाटच राहणार नाही! माझी आई नूडल्सचं पीठ लाटता लाटता गुणगुणायची,

लेक नव्हे बाई पीठ, लाटू कशी गोल गोल,
लेक ओढ्याचं ग पाणी, तिचं तिला ठावं खोल.

म्हणायला गोड आहे. पण माझ्या हातात लाटणं होतं ना!

तिसऱ्या आठवड्यात डीकन ऑरिनभाऊ आणि एडनाताई आमच्याकडे जेवायला आले. डीकन म्हणजे मंडळीतलं, आमच्या प्रार्थनाघराच्या लोकांतलं, कोण कसं राहतंय, कुणाला काय हवं-नको, हे घरोघर जाऊन बघणारे. मी कंबर कसली. कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर, त्यावर नूडल्स, त्यावर ग्रेव्ही, बीटाच्या रसात मुरवलेली गुलाबी अंडी, सफरचंदाचा आटवलेला मुरंबा. टेबल असं दिसत होतं, की उपाशी माणसाला आधी रडूच यावं.

आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मुकी असते. घरचा कर्ता मान खाली घालतो, की सगळे घालतात. तो घसा खाकरतो, की सगळे माना वर काढतात. तो खाकरेपर्यंत मान वर काढायची नाही, मग छपरावर वीज का पडेना! डेलमारची प्रार्थना एरवी बारा सेकंदांची. बटाट्याची पहिली वाफ विरायच्या आत "ह्हं!" होऊन वाडगं फिरायला लागायचं.

त्या दिवशी डेलमारनं बोटांत बोटं गुंतवली. मान खाली गेली. मागोमाग उरलेल्या पाचही गेल्या.

एक मिनिट झालं. मी मनात म्हटलं, वा!

दोन मिनिटं झाली. मला भरून आलं. पुठ्ठा लागू पडला! माझा अबोल नवरा, पाहुण्यांदेखत, देवाशी दोन मिनिटं बोलतोय!

तिसऱ्या मिनिटाला मला एक बारीक आवाज ऐकू आला. किटली शिट्टी देण्याआधी जरा सूर लावून बघते ना, तस्सा. मी एक डोळा किलकिला केला. चुलीवर किटली नव्हती. सूर डेलमारच्या नाकातून येत होता.

मी टेबलाखालून पाय लांब केला आणि रविवारच्या जाड बुटानं नेम धरून एक लाथ हाणली. डेलमार ढिम्म! ऑरिनभाऊंची मान मात्र आणखी चार बोटं खाली गेली. पुढे त्यांनी मंडळीत सांगितलं म्हणे, "त्या प्रार्थनेत मला नडगीच्या हाडापर्यंत काहीतरी जाणवलं!"

"आई," ट्विला कुजबुजली, "बाबा—"

"शू!"

"पण आई, बाबा—"

"प्रार्थना कर!"

नूडल्स गार झाल्या. ग्रेव्हीवर अशी साय धरली, की एखादं बदक आरामात चालत पलीकडे गेलं असतं. शेवटी डेलमारचं कोपर टेबलाच्या कडेवरून घसरलं. तो दचकून ताठ बसला, "ह्हं!" केलं आणि शांतपणे बटाट्यांकडे हात नेला. डोळे लालभडक, कडांना पाणी.

एडनाताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "डेलमारभाऊ... तुमचे डोळे..."

"चुरचुरतात जरा," डेलमार म्हणाला.

एडनाताईंनी ऑरिनभाऊंकडे पाहिलं. ऑरिनभाऊंनी रुमाल काढला.

आता वाचकहो, हा तो क्षण. 'अहो, त्याला डुलकी लागली होती!' एवढं एक वाक्य मी बोलले असते, तर सगळे पोट धरून हसले असते, ग्रेव्ही परत गरम झाली असती आणि ही गोष्ट तुम्हांला ऐकावी लागली नसती. मी काय केलं? मी वाडगं उचललं आणि म्हटलं, "अंडं घ्या ना, एडनाताई!"

पाहुणे गेल्यावर रोडा भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा झोपले होते."

"दमलाय गं तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी कुठे खोटं बोलले? मी काहीच बोलले नाही!"

"तेच म्हणतेय मी," रोडा म्हणाली आणि बशी अशी हलक्या हातानं ठेवली, की आपटली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी गोधडी शिवायला बायका जमल्या. मी सुई ओवते न ओवते तोच सगळ्यांच्या डोक्यांवरच्या पांढऱ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

"सतरा मिनिटं, ऑर्फा?"

"एडना सांगत होती, सतरा!"

"आणि डोळ्यांत पाणी!"

डोळे मिटलेल्या एडनाताईंनी सतरा मिनिटं मोजली कशी, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी मान खाली घालून टाके घातले. तिरपे गेले. नंतर उसवावे लागले.

रविवारी प्रार्थनाघराच्या अंगणात पुरुषांनी डेलमारला घेरलं. माझा नवरा साधा माणूस. तो टोपी हातात घेऊन सरळ म्हणाला, "ऑरिनभाऊ, मला झोप लागली होती."

ऑरिनभाऊंनी त्याचा खांदा धरला. डबडबलेल्या डोळ्यांनी इतरांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? ह्याला म्हणतात नम्रता!"

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आमच्यात स्वतःची स्तुती म्हणजे पाप. त्यामुळे ज्याला काही येतं तो 'मला येत नाही' म्हणतो, आणि ज्याला खरंच येत नाही त्याच्याजवळ म्हणायला वेगळं वाक्यच उरत नाही. माझी सासू जन्मभर सांगायची, "बाई, माझा केक काही धड होत नाही." लोक म्हणायचे, "काय ही नम्रता!" खरोखरच धड होत नसे हो! पण तिच्या दफनापर्यंत कुणी विश्वास ठेवला नाही आणि दर सणाला तो केक सगळ्यांना खावा लागला.

तर डेलमार जितका "झोपलो होतो" म्हणे, तितकी त्याची कीर्ती वाढे.

पुढच्या मंगळवारी कहरच झाला. पहाटे सव्वातीनचं वचन, संध्याकाळचं गाणं, अशानं डेलमारच्या झोपेचं चिपाड झालेलं. लॉयल स्टायनरच्या गोठ्यासमोर टँकर उभा करून त्यानं स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं, ते टेकलंच! लॉयल दूध द्यायला बाहेर आला. बघतो तर काय? डेलमारभाऊ कामाच्या वेळीसुद्धा! लॉयलनं टोपी काढली आणि पाऊण तास थंडीत उभा राहिला. उठवलं नाही. मग गावभर सांगत सुटला, "टँकरमध्येसुद्धा करतो! अरे, टँकरमध्ये!"

मी घाबरले. चाकावर डोकं टेकलं, ते उभ्या गाडीत म्हणून बरं! मी डेलमारला म्हटलं, "पहाटेचं वचन बंद करू या का?"

"आता?" तो म्हणाला. "आता लोक विचारतील."

"मग?"

"बरं," डेलमार म्हणाला. ह्या 'बरं'मध्ये गवतच गवत होतं.

इकडे मंडळीत घरोघर लांब प्रार्थना सुरू झाल्या. नुसबाउमांकडे दहा मिनिटं, स्टायनरांकडे बारा. गार झालं तरी खाता येईल अशा पदार्थांच्या कृती बायका एकमेकींना देऊ लागल्या. लहान मुलं चारलाच स्वयंपाकघरात येऊन पाव चोरायला लागली. आणि आमच्याकडे रोज पाहुणे! रोज! प्रार्थना बघायला! आता मुक्या प्रार्थनेत बघण्यासारखं काय असतं? पण ते यायचे, पाय पुसायचे, पाहुणचाराला सफरचंदं आणायचे आणि डेलमारच्या तोंडाकडे असे बघायचे, की जणू तिथून सूर्य उगवणार आहे.

सूर्य कसला उगवतोय! तो मान खाली घातल्याबरोबर मावळायचा.

मी एक युक्ती काढली. गोधडीच्या दोऱ्याचं एक टोक डेलमारच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं माझ्या हातात. बारा मिनिटं झाली, की ओढायचं. हे मी रोडाला सांगितलं, कारण दोरा तिच्या खुर्चीखालून जात होता.

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला माझीच लाज वाटली.

"आई, तू बाबांना दोरी लावून प्रार्थना करायला लावणार?"

"थोडे दिवस गं. लोक विसरतील."

"आणि मग तू मला विचारणार, की नाव कधी देतेस?"

मी काही बोलले नाही. बोलायचं नाही, ही सवय मात्र मला पुठ्ठ्यावर न लिहिता लागली होती.

एप्रिलमध्ये मंडळीची कुटुंबसंध्या असते. प्रार्थनाघराच्या तळघरात लांब टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात आणि कुणीतरी घरच्या चांगल्या रीतींवर दोन शब्द बोलतं. बिशप हार्लीभाऊ स्वतः आमच्या दारात आले. "ऑर्फाताई, यंदा तुम्ही दोघांनी सांगायचं. रोजच्या सवयींबद्दल. आणि प्रार्थना डेलमारभाऊंची."

"आम्ही त्या लायकीचे नाही हो!" मी कळवळून म्हटलं. मनापासून! आतड्यापासून!

हार्लीभाऊ प्रसन्न हसले. "म्हणून तर!"

कुटुंबसंध्येला एकशे चाळीस माणसं आली. पेरणीचे दिवस. सगळे पहाटे चारपासून राबलेले, अंघोळ करून, केस चापून बसवून आलेले. तळघरात भट्टी पेटलेली, ऊब अशी, की लोणी आपोआप पसरावं. टेबलांवर डुकराचं भाजलेलं मांस, बटाटे, पाव. डेलमार उभा राहिला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग सगळ्यांना म्हणाला, "मी सांगतो ते खरं आहे. मला झोप लागते."

एकशे चाळीस चेहरे मायेनं उजळले. डेलमारनं हात खाली सोडले, बसला आणि मान खाली घातली.

पाच मिनिटं गेली. किटलीचा सूर लागला. इथे दोरा नव्हता. सात मिनिटं. नऊ. माझ्या शेजारी रोडा बसली होती. तिची मान खाली नव्हती. ती ताठ बसून माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. आजाऱ्याकडे बघतात ना, उतार पडतोय का म्हणून, तशी.

आणि मला कळलं, पोरगी जात होती ती ह्याच दारातून. ते दार मीच रोज संध्याकाळी पाच वाजता उघडत होते.

मी उठले. प्रार्थना चालू असताना बाईमाणसानं तोंड उघडणं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "भावांनो, बहिणींनो, माझा नवरा झोपलाय. त्या दिवशीही झोपला होता. टँकरमध्येही झोपला होता. त्याची झोप मी मोडली आणि तुम्हांला ती प्रार्थना म्हणून मीच विकली. तो खरं सांगत होता. खोटी मी आहे."

एकही मान वर झाली नाही.

मला वाटलं, माझ्या शरमेनं सगळ्यांनी माना खाली ठेवल्यात. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एवढ्यात खिडकीकडच्या टेबलावरून एक घरघर आली. भट्टीकडच्या टेबलानं तिला उत्तर दिलं. मग मधून एक बारीक शीळ. मग कोपऱ्यातून खर्ज. वाद्याशिवाय, शुद्ध चार सुरांत, मंडळी घोरत होती! बिशप हार्लीभाऊंची हनुवटी छातीवर. लॉयल स्टायनरचा गाल पावावर. तीन आठवडे रोज जेवणाआधी दहा-दहा मिनिटं डोळे मिटायचा सराव! आणि ही सगळी गोठ्यातली माणसं! माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक खरं भाषण, आणि ऐकणारे किती? रोडा, ट्विला आणि एडनाताई.

एडनाताईंनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. डोळे भरलेले.

"ऑर्फा," त्या कुजबुजल्या, "एवढी नम्रता तू आणतेस तरी कुठून!"

रोडा उठली आणि बापानं खाकरायच्या आत, सगळ्यांच्या खाली घातलेल्या मानांमधून, जिना चढून बाहेर निघून गेली. ट्विलानं हळूच एक पाव घेतला. थोड्या वेळानं डेलमार जागा झाला, "ह्हं!" झालं आणि एकशे चाळीस माणसं ताजीतवानी होऊन जेवायला लागली.

निघताना हार्लीभाऊ माझ्याकडे आले. "ऑर्फाताई, जेवणाआधी रोडा मला भेटली होती. म्हणाली, 'मी तयार नाही. आमच्या घरी प्रार्थना होत नाही, झोप होते.' पंधराव्या वर्षी ही नम्रता! मी तिचं नाव यादीत पहिलं घातलं."

दोन वर्षं मी जे वाक्य ऐकण्यासाठी गुडघे झिजवले, ते हे वाक्य! आणि ते ऐकताना मी जिन्याकडे रोडा दिसते का, ते बघत होते.

गाडीत रोडा म्हणाली, "आई, मी 'नाही' म्हटलं. त्यांनी 'हो' लिहून घेतलं." आणि मग खिडकीकडे तोंड करून, अगदी बारीक आवाजात, "आता मी खरं बोलू तरी कुणाशी?"

डेलमारनं गाडी कडेला घेतली. थांबवली. मग म्हणाला, "ऑर्फा, उद्या तू हिला घेऊन हार्लीकडे जा."

वीस वर्षांत त्यानं मला करायला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "बरं."

आमच्याकडे बिशपसुद्धा गोठाच सांभाळतात. सकाळी हार्लीभाऊ वासराला बाटलीनं दूध पाजत होते. मी कुंपणाच्या अलीकडून सगळं सांगितलं. लाथ, दोरा, अंडं, सगळं. शेवटी म्हटलं, "तिचं नाव खोडा. ती नाही म्हणाली आहे."

हार्लीभाऊंचा चेहरा तोच मायेचा व्हायला लागला. "ऑर्फाताई, ही तुमची नम्र—"

"तो शब्द नको," रोडा म्हणाली. "हार्लीभाऊ, काल तळघरात आई उभी राहून बोलली. सगळ्यांसमोर. तुम्ही ऐकलंत ना?"

"अं? हो... म्हणजे..."

"काय बोलली?"

वासरू बाटली ओढत राहिलं. हार्लीभाऊ मानेपासून लाल व्हायला लागले, कानांपर्यंत लाल झाले. गोठ्यात एवढी शांतता, की शंभर मुक्या प्रार्थना त्यात मावल्या असत्या.

"कधीपासून झोपत होतो मी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाचव्या मिनिटापासून," रोडा म्हणाली.

त्यांनी हात पुसले. खिशातून यादी काढली, कानावरची पेन्सिल काढली आणि पहिलं नाव खोडलं. पेन्सिलीचा तो आवाज तुम्हांला सांगते, कागदावर नाही झाला, माझ्या पोटात झाला. जे नाव यावं म्हणून घराचा तुरुंग केला, ते आलं होतं. आणि मी स्वतः गाडी चालवत जाऊन ते खोडून आणलं.

"पुढच्या वर्षी विचारू का तुला?" हार्लीभाऊंनी रोडाला विचारलं.

"माहीत नाही," रोडा म्हणाली.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण तू ये. वासरू बघायला ये."

येताना गाडीत ती काय विचार करत होती, ठाऊक नाही. मी रडत होते आणि गाडीचा वेग मात्र बरोबर ताशी पस्तीस मैल ठेवत होते, कारण रडतानाही मला नियम सुटत नाहीत.

आता मंडळीत सगळ्यांना सगळं कळलं आहे. हार्लीभाऊंनी रविवारी उभं राहून स्वतःचं सांगितलं. ते नम्रता म्हणून घ्यावं की खरं, यावर अजून मतभेद आहेत. पाहुणे यायचे थांबले. पहाटेचं वचन मी बंद केलं. डेलमार साडेतीनपर्यंत झोपतो. सगळं पूर्ववत झालं, असं मला म्हणायला आवडलं असतं.

पण काल संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो. पाहुणे नाहीत, दोरा नाही. डेलमारनं बोटांत बोटं गुंतवली, मान खाली घातली आणि झोपला! महिनाभरात त्याच्या अंगात ती एक सवय अशी काही मुरलीय, की हात जोडले, की डोळे मिटतात आणि नाक सूर धरतं. सगळ्या चौकोनांतून लागली ती एवढीच!

मी उठवायला हात उचलला. रोडानं मानेनं 'नको' म्हटलं. ती हळूच उठली, बापाच्या कोपराजवळचा दुधाचा ग्लास सरकवला, त्याची बशी उबेला ओव्हनमध्ये ठेवली आणि परत जागेवर येऊन बसली. मग तिनं मान खाली घातली. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. बराच वेळ ती तशी होती. ओठ हलत होते की मला भास झाला, देव जाणे. झोपली मात्र नव्हती.

मी विचारलं नाही. ओठ दातांखाली दाबून धरला, पण विचारलं नाही.

आणि मी स्वतः काय करत होते? मी कसली प्रार्थना करतेय! मी मिनिटं मोजत होते.